कडक डोहाळे आणि हातचे काम

बायांनो, डोहाळे म्हटले की आपल्याला काय आठवते? चिंच, कैरी, हिरवी साडी, शेजारणींनी भरलेली ओटी. पण ही हौस सातव्या महिन्याची. त्याच्या फार आधी, पाळी चुकून पंधरा दिवस होतात न होतात तोच, दुसरेच डोहाळे सुरू होतात. सकाळी उठले की पोटात ढवळते. तोंडाला पाणी सुटते. फोडणीचा वास आला की उमासे येतात. कोणाला ओकारी होते, कोणाला नुसतीच कोरडी. अन्नावरची वासना उडते. याला आपल्याकडे कडक डोहाळे म्हणतात. त्यांची गाणी कोणी म्हणत नाही, आणि ओटीही कोणी भरत नाही.

ज्या बाईला दुपारी घटकाभर पडता येते तिचे कसेबसे निभते. आपल्यातल्या बहुतेकींना ते जमत नाही. कोणी खुरपायला जाते, कोणी विड्या वळते, कोणी वीटभट्टीवर असते. या धड्यात आम्ही ऊसतोडीच्या बाईचे उदाहरण घेतले आहे. तिच्या कामात जे जमेल ते दुसऱ्या कोणत्याही कामात जमेल, एवढी तिची अडचण मोठी.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडची बिऱ्हाडे कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, ती घरात खर्चूनही झालेली. आता ती फेडायची अंगमेहनतीने. एक दिवस काम चुकले की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. बाई पहाटे तीन-साडेतीनला उठते. चूल, पाणी, भाकरी आटोपून फडात जाते. नवरा ऊस तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. अशात तिला दुसरा महिना लागतो आणि कडक डोहाळे सुरू होतात.

कोपीत म्हातारी सासू असते. ती म्हणते, "आम्हाला नव्हतं का होत? आम्हीबी ओकत ओकत मोळ्या वाहिल्या."

सून म्हणते, "वाहिल्या असतील आत्याबाई. पर मला उभंच राहवत नाही."

"मग काय दवाखान्यात निजतीस? दुखणं हाय व्हय हे?"

आत्याबाई खोटे बोलत नाहीत. त्यांनी खरोखर वाहिल्या. पण त्यांच्या वेळी कोणी विचारले नाही म्हणून आताही विचारू नये, हा न्याय आम्हाला पटत नाही. दुखणे आहे की नाही, याचे उत्तर असे आहे: थोडी मळमळ हे दुखणे नव्हे, पण ती वाढली तर दुखणे होते, आणि प्रसंगी जिवावरही बेतते. कुठपर्यंत सोसायचे आणि कुठे दवाखाना गाठायचा, एवढे कळले की निम्मे काम झाले.

हे होते का, ते आधी पाहू. शंभर गरोदर बायांत सत्तर-ऐंशी जणींना कमीअधिक मळमळ होते. म्हणजे हा कोणाचा नखरा नव्हे. पोटात गर्भ धरला की वार तयार होऊ लागते. तिच्यातून काही द्रव्ये आईच्या रक्तात उतरतात. त्यांतल्या एका द्रव्यामुळे मेंदूतली ओकारीची जागा चाळवली जाते, असे केंब्रिज विद्यापीठातल्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी २०२३ साली दाखवून दिले. ज्या बाईच्या अंगात हे द्रव्य आधीपासून थोडेफार असते तिच्या शरीराला त्याची सवय असते. तिला त्रास कमी होतो. जिच्या अंगात ते आधी फार कमी असते तिला एकदम झटका बसतो. म्हणून एका जावेला काहीच होत नाही आणि दुसरी आडवी पडते. यात नाजूकपणाचा किंवा आळसाचा संबंध नाही.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले तर साधारण सहाव्या आठवड्यात मळमळ सुरू होते. नवव्या आठवड्याच्या आसपास ती सर्वांत जास्त असते. चौथा महिना लागला की बहुतेकींची कमी होते. काही जणींची आणखी लांबते. ती फक्त सकाळीच होते असेही नाही, दिवसभर होऊ शकते. आणि ओकाऱ्यांवरून मुलगा की मुलगी ते ओळखता येत नाही, बरं का. ज्यांना मळमळ होतच नाही त्यांनीही घाबरू नये. त्यांचीही बाळे सुखरूप जन्मतात.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे रीत आहे की तिसरा महिना सरेपर्यंत कोणाला सांगायचे नाही. नजर लागते म्हणतात. या रितीमागे कारण असेल. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ गळण्याची भीती जास्त असते, आणि आधी सांगून मग तसे झाले तर बाईला चार तोंडांना उत्तरे द्यावी लागतात. पण नेमके हेच तीन महिने मळमळीचे असतात. बाई सांगत नाही, आणि टोळीतल्या बायांना वाटते ही अंग चोरते. मुकादम बोलतो. नवराही चिडतो. ती बिचारी पाचटाच्या आड जाऊन ओकून येते, पदराने तोंड पुसते आणि पुन्हा मोळी उचलते. एखाद्या दिवशी फळीवरच घेरी येते.

आमचे मत असे आहे की साऱ्या टोळीला सांगू नका, पण दोन माणसांना जरूर सांगा. एक नवरा. दुसरी टोळीतली एखादी जाणती बाई, जिच्या पोटात गोष्ट राहते. शेजारच्या कोयत्यातली बाई कळती असली तर कामाची अदलाबदल होते. तुम्ही बसून पाचट काढा, मोळ्या बांधा. फळीवर चढून गाडी भरायचे काम नवऱ्याने आणि दुसऱ्या कोणी करावे. त्याच्या बदल्यात तुम्ही तिचे लेकरू सांभाळा, तिच्या वाट्याचे वाढे बांधून द्या. चौथ्या-पाचव्या महिन्यात तुम्हाला बरे वाटले की परतफेड करता येते. बायाबायांत असे उसने चालतच आले आहे. पीठ-मीठ उसने घेतो, मग ओझे का नको?

मुकादमाला सांगायचे तर ते नवऱ्याने सांगावे, आणि घेरी येऊन बाई पडण्याआधी सांगावे.

सकाळची वेळ सर्वांत वाईट असते, म्हणून तिच्याविषयी सावकाश सांगतो. रात्रभर पोट रिकामे राहते. रिकाम्या पोटात मळमळ वाढते. तशात बाई ताडकन उठते, अनशापोटी चहा घेते, धुराच्या चुलीपुढे बसते आणि लसणाची फोडणी टाकते. मग ओकारी होणार नाही तर काय?

यावर उपाय रात्रीच करून ठेवायचा. उशाला एका डबीत चुरमुरे, फुटाणे, ज्वारीच्या लाह्या किंवा कडक भाकरीचा तुकडा ठेवा. जाग आली की उठू नका. पडल्या पडल्या चार घास कोरडेच चावा. दहा-पंधरा मिनिटे तशाच राहा. मग कुशीवर वळून हळू उठा. चहा त्यानंतर. कामाच्या घाईत दहा मिनिटे कुठून आणायची, असे तुम्ही म्हणाल. ती नवऱ्याकडून आणायची. त्याने उठून चूल पेटवावी आणि पाणी तापवावे. जमले तर फोडणीही त्यानेच टाकावी. पुरुषाने टाकलेली फोडणी काही बिघडत नाही, मीठ थोडे कमीजास्त होईल इतकेच. तेही न जमले तर दोन महिने सकाळी फोडणीच नको. रात्रीच भाकरी करून ठेवावी आणि सकाळी चटणी, दही, गूळ यांच्यासंगे खावी. गरम अन्नाचा वास जास्त येतो, गाराचा कमी. म्हणून पुष्कळ जणींना गार भाकरी पोटात राहते आणि गरम कालवण राहत नाही. मात्र भात-कालवण फार शिळे, आंबलेले खाऊ नका, ओकारीत हगवणीची भर पडेल.

फडात जाताना पदराला थोडे फुटाणे नाहीतर शेंगदाणे-गूळ बांधून न्या. दोन वेळा पोटभर जेवण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा मूठ-मूठ खा. तास-दोन तासांनी तोंडात काही पडले पाहिजे. जेवताना तांब्याभर पाणी पिऊ नका. अर्ध्या तासाने प्या, आणि घोट-घोट प्या. ताक, तांदळाची पेज, नाचणीची किंवा ज्वारीची आंबील, कोकमाचे सार, लिंबूपाणी, यांतले जे मिळेल आणि जे पोटात राहील ते घ्यावे. आल्याचा लहानसा तुकडा मीठ लावून चघळला तर बऱ्याच जणींना उतार पडतो. हा आजीबाईचा उपाय आता तपासूनही पाहिला आहे, थोडाफार गुण येतो. वाळलेली आवळकाठीही तोंडात धरायला चांगली. तिखट आणि तळकट तेवढे काही दिवस बाजूला ठेवा. या दोन-तीन महिन्यांत अमुकच खाल्ले पाहिजे असा आग्रह धरू नये. जे टिकेल ते खावे. बाळ अजून बोटाच्या पेराएवढे असते, त्याची भूक फार नसते. चौकस खाणे पुढे करता येते.

काही जणींना मातीचे डोहाळे लागतात. भिंतीची माती, चुलीची माती, लेकराच्या पाटीवरची पेन्सिल. हे कौतुकाचे नाही. अंगात रक्त कमी असले की असे खावेसे वाटते, आणि मातीतून जंत पोटात जाऊन रक्त आणखी कमी होते. अशा बाईने रक्त तपासून घ्यावे.

मिश्रीविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सकाळी मिश्री लावली की मळमळ थांबते, असे कितीतरी बाया सांगतात. घडीभर तसे वाटतही असेल. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिचे विष हिरड्यांतून रक्तात जाते आणि रक्तातून बाळाला. तंबाखूमुळे बाळ कमी वजनाचे होते. सवय एकदम सुटत नसेल तर दिवसातून चार वेळांची दोन वेळ करा, मग एक, मग शून्य. विडी वळणाऱ्या बायांना तर तंबाखूचा वास दिवसभर नाकात असतो. त्यांनी दाराशी, वाऱ्याच्या बाजूला बसावे, सूप मांडीपासून दूर धरावे, तास-दोन तासांनी उठून हात-तोंड धुवावे, आणि हात धुतल्याखेरीज काही खाऊ नये. शेतात फवारणी चालली असेल तर गरोदर बाईने त्या शेताकडे फिरकूही नये. तो दिवस बुडाला तरी चालेल.

ओकारी झाल्यावर लगेच दात घासू नका. पोटातल्या आंबट पाण्याने दात मऊ पडलेले असतात, घासले की झिजतात. साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. दात अर्ध्या तासाने घासा.

आता पाण्याची गोष्ट. फडात आडोसा नसतो. लघवीला जावे लागू नये म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. एरवीही हे वाईटच, पण ओकाऱ्या होत असताना तर फारच वाईट. ओकारीने अंगातले पाणी जाते, घामाने जाते, आणि वरून पाणी मिळत नाही. मग डोळ्यांपुढे अंधारी येते. लघवीचा दाह होतो, आणि त्या दाहाने पुन्हा ओकाऱ्या वाढतात. दोघी-तिघींनी मिळून जावे, एकीने लुगड्याचा आडोसा धरावा, पण पाणी पिणे सोडू नये. लघवीचा रंग पाहत जा. फिकट असेल तर ठीक. गर्द पिवळी, थोडी-थोडी होत असेल तर पाणी कमी पडते आहे.

ओकाऱ्या जास्त झाल्या तर साखर-मिठाचे पाणी करा. एक लिटर स्वच्छ पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चाखून पाहा. डोळ्यांतल्या आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. दर पाच-दहा मिनिटांनी दोन-दोन घोट घ्या. आशाताईंकडे ओ. आर. एस.ची पुडी मिळते, तिच्यावर किती पाण्यात घालायची ते लिहिलेले असते. आता तुम्हाला ते वाचता येते, तेव्हा वाचूनच घाला. केलेले पाणी दुसऱ्या दिवशी ठेवू नका.

एवढे करूनही कधी दवाखाना गाठावा? दिवसभरात पाण्याचा घोटही पोटात राहिला नाही तर. आठ तासांत लघवीच झाली नाही तर. उभे राहिले की चक्कर येते, वजन झपाट्याने उतरते, ओकारीत रक्त दिसते, ताप येतो, डोळे पिवळे होतात, पोटात जोराने दुखते किंवा अंगावरून जाते, यांतले एकही दिसले तर वाट पाहू नका. ताप असेल तर हिवताप किंवा लघवीचा दाह असू शकतो. पोटाच्या एका बाजूला कळ येऊन घेरी आली तर गर्भ भलत्या जागी राहिलेला असू शकतो. ओकाऱ्या फार आणि अंगावरूनही जाते, तर तेही तपासलेच पाहिजे. शंभरात एक-दोन बायांना इतक्या ओकाऱ्या होतात की दवाखान्यात ठेवून शिरेतून पाणी आणि जीवनसत्त्वे द्यावी लागतात. तेव्हा सासूने "आम्हाला नव्हतं का" म्हणू नये. १०८ वर फोन लावावा. पैसे पडत नाहीत.

औषधाविषयी दोन उलटसुलट चुका होतात. एक चूक म्हणजे दुकानातून कोणतीही ओकारीची गोळी आणून घेणे. याची एक मोठी आणि दुःखाची गोष्ट आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची गोळी निघाली. झोपेला चांगली आणि गरोदर बाईच्या मळमळीवर उत्तम, अशी तिची जाहिरात झाली. पुष्कळ देशांत ती खपली. आणि मग हात-पाय नीट न वाढलेली बाळे जन्मू लागली. १९६१ साली ती जर्मनीच्या बाजारातून काढून घेतली, तोवर जगभरात दहा हजारांहून जास्त बाळांना अपंगत्व आले होते. अमेरिकेत डॉक्टर फ्रान्सिस केल्सी या सरकारी अधिकारी बाईंनी पुरेसा पुरावा नाही म्हणून परवानगी अडवून धरली, त्यामुळे तिथली कितीतरी बाळे वाचली. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे हात, पाय, हृदय घडत असते. म्हणून या दिवसांत न विचारता गोळी नको.

दुसरी चूक याच्या उलट. "गरोदरपणात औषध घ्यायचंच नाही" म्हणून सोसत राहणे. आज मळमळीवर चांगली पारखलेली औषधे आहेत. ब-६ जीवनसत्त्व, आणि त्याच्या जोडीला डॉक्सिलामिन, ही गोळी डॉक्टर देतात. ती हजारो बायांनी घेतली आहे आणि बाळाला अपाय करत नाही. तिने थोडी झोप येते, म्हणून बहुधा रात्री घ्यायला सांगतात. कोयता हातात असणाऱ्या बाईने झोपेची ही गोष्ट डॉक्टरांना मुद्दाम विचारावी. पाळी चुकली की फॉलिक आम्लाची गोळी मात्र सुरू करावीच. लोहाच्या गोळ्यांनी मळमळ वाढू शकते, पण त्या चौथ्या महिन्यापासून देतात, तोवर बहुतेकींचा त्रास उतरलेला असतो. त्या चहाबरोबर घेऊ नका.

पाळी चुकली तर आशाताईंकडे तपासणीचा संच फुकट मिळतो. गाव सोडण्याआधी शंका असेल तर आधी तपासा, नाव नोंदवा आणि माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर घ्या. कार्ड ट्रंकेत ठेवून यायची वस्तू नव्हे. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातही ते चालते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. नोंदणी आणि पहिली तपासणी वेळेत झाली तर पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेतून दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात, पहिला हप्ता ३,००० चा. दुसरी मुलगी झाली तर ६,००० मिळतात.

जिचे नाव कारखान्याच्या किंवा दुकानाच्या हजेरीपटावर आहे तिला बाळंतपणाची पगारी रजा असते. १९६१ साली तसा कायदा झाला, आणि २०१७ साली पहिल्या दोन बाळंतपणांना ती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली. गरोदरपणामुळे बाई आजारी पडली तर दाखला दाखवून आणखी एक महिन्यापर्यंत रजा मिळू शकते. हे फार थोड्या जणींना ठाऊक असते. टोळीतल्या बाईचे नाव मात्र कोणत्याच पटावर नसते. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब मुकादमाच्या वहीत. तिचा खाडा तेवढा लिहिला जातो.

कार्डावर पहिल्याच पानाला शेवटच्या पाळीची तारीख लिहायची जागा असते. ती तारीख तुम्ही स्वतः वाचून पाहा. नर्सबाईंनी चुकीची लिहिली असेल तर तिथल्या तिथे सांगा. त्या तारखेपासून आठवडे मोजा, बोटांवर मोजले तरी चालतील. कितवा आठवडा लागला ते कळले म्हणजे हा त्रास आणखी किती दिवस पुरेल याचा अंदाज येतो, आणि शेजारणीला किती दिवसांसाठी ओझे उसने मागायचे तेही कळते.